फुकटची बोट आणि वर एक छत्री

२०१५ सालचा डिसेंबर. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत देवबागला घरी आलो होतो. सकाळी पडवीत बसून पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हा माझ्या आजोचा नेम. त्या दिवशी त्यानं पेपरातलं एक अख्खं पान माझ्यासमोर धरलं. फेसबुकची जाहिरात होती. 'फ्री बेसिक्स' नावाच्या योजनेमुळे गरिबांना आणि खेड्यातल्या लोकांना इंटरनेट फुकट मिळणार आहे, काही मंडळी त्याला विरोध करतायत, तुम्ही मिस्ड कॉल देऊन पाठिंबा द्या, असा एकूण मजकूर.

आजोनं चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "फुकट कित्याक देतत रे?"

खरं तर उत्तर माझ्या खिशात असायला हवं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी 'सेव्ह द इंटरनेट'वाल्या लाखो लोकांपैकी एक होतो. हॉस्टेलवर सगळे पाठवत होते म्हणून मीही दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ईमेल पाठवला होता. प्रश्न वीस होते. उत्तरं तयार होती. बटण तेवढं दाबायचं होतं. मी वीसपैकी एकही प्रश्न नीट वाचलेला नव्हता. त्यामुळे आजोसमोर मी "नेट न्यूट्रॅलिटी असते ती" असं काहीतरी पुटपुटलो आणि मासे आणायला निघून गेलो.

आज मी नेटवर्कवरची वाहतूक मोजणारं सॉफ्टवेअर लिहितो. कुठल्या डेटाचे पैसे लावायचे आणि कुठल्याचे नाहीत, कुठल्याला वाट द्यायची आणि कुठल्याला थांबवायचं, ही माझ्यासाठी चार ओळींची अट असते. ती लिहायला दहा मिनिटं लागतात. म्हणून मला आता आजोच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं. आणि ते द्यायचं तर सुरुवात त्याच्याच धंद्यापासून करायला हवी.

खाडीवरची तर

आजो तारी होता. कर्ली खाडीच्या वरच्या अंगाला पूल होण्याआधी पलीकडे जायचं म्हणजे तर हाच रस्ता होता. दर ठरलेले असायचे. माणसाचे इतके, गुरांचे इतके, गोणीचे इतके. रोज ये-जा करणारी घरं वर्षाकाठी भात द्यायची आणि मग वर्षभर कितीही वेळा जायची. आजच्या भाषेत अनलिमिटेड प्लॅन.

आजोचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. "कोण बसता ता बघूचा नाय, किती बसतत ता बघूचा." मला वाटायचं, ही होडी बुडू नये म्हणून घेतलेली काळजी आहे. ती होतीच. पण त्यात दुसरंही काही होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तो काळ समतेचा होता असं मी म्हणणार नाही. विहिरीवर कुणी यायचं आणि देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत जायचं हे जिथे जातीवरून ठरत होतं, तिथे खाडीवरची प्रत्येक तर सगळ्यांना सारखी वागवत असेल, हे शक्य नाही. एखाद्या तारीचा चांगुलपणा पुरत नाही, म्हणून तर नियम लागतात.

इंग्रजी कायद्यात हे फार जुनं आहे. तरवाला, सरायवाला, मालाची ने-आण करणारा, यांचा धंदा इतर दुकानांसारखा मानला गेला नाही. तुम्ही एकदा सगळ्यांसाठी धंदा उघडलात की वाजवी दर देणाऱ्याला विनाकारण परत पाठवता येत नाही, असं ते तत्त्व. कारण उघड आहे. भाजीवाल्यानं नाही म्हटलं तर दुसरा भाजीवाला असतो. खाडीवर मात्र तर एकच असते. आपल्याकडे मुंबई इलाख्यात सार्वजनिक तरींसाठी १८६८ साली कायदा झाला. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७८ साली जो कायदा झाला, त्यात तर मक्त्यानं घेणाऱ्यानं दरांचा तक्ता तिथल्या भाषेत, सगळ्यांना दिसेल असा लावावा असं कलमच होतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. या नियमांत सगळ्यांना एकच दर नव्हता. बैलाला माणसापेक्षा जास्त पैसे पडायचे, भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीपेक्षा जास्त. पण बैल कुणाचा, हा प्रश्न नव्हता. खोताच्या गोणीला कमी आणि कुळाच्या गोणीला जास्त, असा तक्ता लावता येत नव्हता.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे हाच दरांचा तक्ता. २ जीबी वापरणाऱ्याकडून १ जीबी वापरणाऱ्यापेक्षा जास्त पैसे घ्या, हरकत नाही. पण तो १ जीबी फेसबुकचा आहे की माझ्या मामीच्या वेबसाइटचा, हे बघून दर किंवा वेग ठरवू नका.

पाकिटाच्या आत डोकावणं

वाहतूकदारानं माल बघून वागायचं ठरवलं तर काय होतं, याची टेलिफोनच्या इतिहासातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. तेव्हा फोन जोडायला एक्स्चेंजमधली ऑपरेटर लागायची. आपल्याकडे येणारे कॉल ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा स्ट्रोजरला संशय होता. त्यानं वैतागून ऑपरेटरच नको असं यंत्र तयार केलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज तिथून सुरू झालं. पुढे भारतातही कित्येक दशकं स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजेस चालली.

इंटरनेटच्या मूळ रचनेत ही ऑपरेटर नाहीच. तुम्ही पाठवलेला फोटो लहान लहान पॅकेट्समध्ये चिरला जातो. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेवरचे राउटर पत्ता बघतात आणि पुढे ढकलतात. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतलं पत्र वाचत नाही, तसंच. पुढे यंत्रं वेगवान झाली आणि चालत्या वाहतुकीतून हा व्हिडिओ, हा कॉल, हे अमुक अॅप, असं ओळखणं सोपं झालं. तंत्रज्ञानानं काढून टाकलेली ऑपरेटर तंत्रज्ञानानंच परत आणून बसवली. 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्द कायद्याचे अमेरिकन प्राध्यापक टिम वू यांनी २००३ साली रूढ केला, तो या काळात.

कोकणातल्या कितीतरी घरांना हा विषय पुस्तकाशिवाय माहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर निर्बंध आहेत. व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, पण नेहमीचा कॉल लागत नाही. परवाना असलेल्या मोजक्याच सेवांवरून बोलता येतं आणि त्यासाठी बराच काळ वेगळं मासिक पॅक घ्यावं लागायचं. तार तीच, डेटाही पैसे भरून घेतलेला. तरी आवाज जाऊ द्यायचा की नाही, हे वाहतूकदाराच्या बाजूनं ठरतं. माझा मामा आखातात होता. मामी त्याच्याशी काय बोलायची ते आम्हा सगळ्यांना माहीत असायचं, कारण ती ते व्हॉइस मेसेज करून पाठवायची आणि पाठवण्याआधी स्वतः एकदा मोठ्यानं ऐकायची.

२०१४ चा नाताळ ते २०१५ चा एप्रिल

भारतात ठिणगी पडली ती याच मुद्द्यावरून. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं जाहीर केलं की इंटरनेटवरून कॉल करायला आता वेगळा दर पडेल. स्काइप, व्हायबर यांसारख्या अॅपमुळे कंपन्यांचं, विशेषतः परदेशी कॉलचं, उत्पन्न घटत होतं. कंपन्यांची तक्रार अशी की टॉवर आम्ही उभारायचे, लिलावात स्पेक्ट्रमचे पैसे आम्ही भरायचे आणि कमाई अॅपवाल्यांनी करायची. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण लोक भडकले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला.

२७ मार्च २०१५ रोजी ट्रायनं एक सल्लामसलत पत्र काढलं. शंभराहून जास्त पानांचं, वीस प्रश्नांचं, फक्त इंग्रजीत वाचवेल असं आणि इंग्रजीतही वाचवणार नाही असं. निखिल पाहवा, अपार गुप्ता, किरण जोन्नलगड्डा अशा लोकांनी मिळून ते सोप्या भाषेत आणलं, उत्तरांचा मसुदा केला. एआयबीच्या विनोदवीरांनी एक व्हिडिओ केला. दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. त्यातला एक माझा.

त्याच एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' आलं. यात ग्राहकाला काही अॅप वापरायला डेटाचे पैसे पडणार नव्हते. ते पैसे अॅपवाली कंपनी एअरटेलला देणार होती. फ्लिपकार्ट सुरुवातीला त्यात जाणार होती. लोकांनी तिच्या अॅपला एक-एक स्टार द्यायला सुरुवात केली आणि १४ एप्रिलला फ्लिपकार्ट बाहेर पडली.

इथे वाद बदलला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. डिसेंबरचा झगडा जास्त पैसे मागण्यावरून होता. त्यात बाजू निवडणं सोपं होतं. एप्रिलनंतरचा झगडा पैसे न घेण्यावरून होता. फुकट द्यायला विरोध का करायचा, हे पडवीत बसलेल्या माणसाला समजावून सांगणं कितीतरी अवघड.

महाराष्ट्रातला एक शेतकरी

फेसबुकनं १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं. पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांमध्ये मराठी होती. रिलायन्सचं सिम असेल तर तीस-चाळीस ठरावीक संकेतस्थळं फुकट. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं आणि अटी पूर्ण करणाऱ्या कुणालाही यादीत येता येईल असं जाहीर झालं. अटी फेसबुकच्या होत्या. व्हिडिओ नको, इंटरनेट कॉल नको, जड चित्रं नकोत. आणि सगळी वाहतूक फेसबुकच्या सर्व्हरमधून जाणार.

२८ डिसेंबर २०१५ ला मार्क झुकरबर्ग यांचा लेख 'टाइम्स ऑफ इंडिया'त आला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण होतं. नुसतं पहिलं नाव. आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो आणि आता नव्या पिकांत पैसे घालतोय, असं लेखात म्हटलं होतं. मग या शेतकऱ्याचं भलं झालं तर इंटरनेटचं काय नुकसान होतं, असा झुकरबर्ग यांचा सवाल होता.

हा सवाल मी गंभीरपणे घेतो. त्या काळात आमच्याकडे रिचार्जच्या दुकानात लोक 'फेसबुकचं पॅक' आणि 'व्हॉट्सअॅपचं पॅक' मागायचे. पूर्ण इंटरनेट महाग होतं. ट्रायच्याच आकडेवारीप्रमाणे २०१४ साली १ जीबी डेटा सरासरी सुमारे २६९ रुपयांना पडायचा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं तरी मिळतंय, ते पुण्यातल्या हॉस्टेलमधून वायफायवर बसून मी का अडवावं? हा प्रश्न मला कुणी एप्रिलमध्ये विचारला असता तर माझी बोलतीच बंद झाली असती.

पण लेखातल्या त्या शेतकऱ्याच्या जागी माझ्या मामीला ठेवून बघा. मामाच्या पैशांतून तिनं चार खोल्या बांधल्या होत्या. तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढत होते. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे, पण त्याची चव आमच्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागला. मामीला नुसतं बघायचं नव्हतं, दिसायचंही होतं. तिच्या खोल्यांचे फोटो, सोलकढीचा फोटो, मागच्या दारातून दिसणारी खाडी, हे मुंबईतल्या माणसाच्या मोबाइलवर पोचायला हवं होतं. फ्री बेसिक्समध्ये शेतकरी वाचक होता. त्याला भाव कळणार होता. पण त्यानं स्वतःचं काही मांडायचं ठरवलं तर आधी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या अटींमध्ये बसायचं. फोटो जड, तर बाद.

छत्री

अलीकडे मला एक जुनी हकिगत वाचायला मिळाली आणि आजोचा प्रश्न पुन्हा आठवला.

१९०६ साली तमिळनाडूतल्या तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी 'स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली. पिल्लै हे लोकमान्य टिळकांचे अनुयायी. बोटी मिळवण्यासाठी ते मुंबईलाही आले होते. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर तोवर 'ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन'ची सत्ता होती. स्वदेशी बोटी धावू लागल्या आणि लोक त्यांच्याकडे वळले. मग ब्रिटिश कंपनीनं तिकीट एक रुपयावर आणलं. स्वदेशी कंपनी आठ आण्यांवर आली. तेव्हा ब्रिटिश कंपनीनं प्रवास फुकट केला आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री देऊ केली, असं सांगितलं जातं. स्वदेशी बोटी जवळपास रिकाम्या जाऊ लागल्या. १९०८ मध्ये पिल्लै यांना अटक झाली, राजद्रोहाची शिक्षा झाली. १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली होती.

ज्यानं ती छत्री घेतली त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. आठ आणे तेव्हा मोठी रक्कम होती आणि छत्री उपयोगाची होती. त्या उतारूचं त्या दिवशी भलंच झालं. पण पुढे समुद्रात एकच कंपनी उरली आणि तिकिटाचा दर कुणी ठरवला, हे सांगायला नको.

ही गोष्ट आजोला सांगायची राहून गेली. पण फ्री बेसिक्सबद्दल त्याचं मत त्या सुट्टीतच झालं होतं. मी मासे घेऊन परत आलो तेव्हा तो जाहिरातीच्या पानाची घडी घालून ती बांगड्यांखाली घ्यायला ठेवत होता. म्हणाला, "फुकट न्हेतलो तो येताना किती घेतलो, ता इचार."

८ फेब्रुवारी २०१६

ट्रायनं ९ डिसेंबर २०१५ ला वेगवेगळ्या डेटा दरांवर दुसरं सल्लामसलत पत्र काढलं. त्यावर सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. यांतल्या बहुसंख्य फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांकडून पाठवून घेतलेल्या साचेबंद पाठिंब्याच्या होत्या. विचारलेले प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, अशी ट्रायची तक्रार होती. तुम्ही गंभीर सल्लामसलतीचं मतदान करून टाकलंत, अशा अर्थाचं खरमरीत पत्रच ट्रायनं फेसबुकला लिहिलं.

ते वाचताना मी थोडा ओशाळलो. बटण दाबणाऱ्यांत मीही होतो, फक्त दुसऱ्या बाजूनं. एप्रिलमधल्या ईमेलमध्ये निदान विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती, एवढाच काय तो फरक. आणि ती उत्तरं माझी नव्हती.

शेवटी निर्णय मोजणीवर झाला नाही. आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं नियम जाहीर केले. मजकूर बघून डेटाचा वेगळा दर लावता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. अपवाद आणीबाणीच्या सेवांचा. ट्रायच्या खुलाशातला मला पटलेला मुद्दा असा की जो माणूस पहिल्यांदाच इंटरनेटवर येतोय, त्याला दाखवलेल्या चौकटीबाहेर काय आहे हे माहीतच नसतं. त्यामुळे त्यानं 'निवड केली' असं म्हणता येत नाही. मागे टेलिफोनच्या दरांसाठी १९९९ च्या आदेशात भेदभाव नको हे तत्त्व आलेलं होतं. तेच आता डेटाला लागू झालं.

तीन दिवसांनी फेसबुकनं भारतातून फ्री बेसिक्स काढून घेतलं. दरम्यान फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क आंद्रीसन यांनी वसाहतवादविरोधामुळे भारतीयांचं आर्थिक नुकसान झालं आहे, अशा अर्थाचं ट्वीट केलं, मग काढून टाकलं, मग माफी मागितली. छत्रीची गोष्ट ऐकलेल्या कुणालाही त्या ट्वीटचं विशेष आश्चर्य वाटू नये.

दर झाले, वेगाचं राहिलं होतं. त्यावर ट्रायनं नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये सरकारनं त्या स्वीकारून परवान्यांच्या अटींत घातल्या. मजकूर अडवणं, मंदावणं किंवा कुणाला खास वाट देणं, यांवर बंदी आली. गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिका उलट दिशेनं गेली. तिथे २०१५ मध्ये केलेले नियम डिसेंबर २०१७ मध्ये रद्द झाले, एप्रिल २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं पुन्हा उडवले.

पुढे काय झालं

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि काही महिने सगळ्यांनाच सगळं इंटरनेट फुकट मिळालं. मग डेटाचे दर कोसळले. २०१८ पर्यंत १ जीबीची सरासरी किंमत १२ रुपयांच्या आत आली. खेड्यांत सरकारी निधीतून महिना १०० एमबी डेटा मोफत द्यावा, अशी शिफारस ट्रायनं डिसेंबर २०१६ मध्ये केली होती. ती वाचायलाही कुणाला सवड राहिली नाही. आणि ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर फ्री बेसिक्स चालायचं, तिनं २०१७ च्या अखेरीस मोबाइल कॉलची सेवा बंद केली. त्या शेतकऱ्यानं आपलं सगळं जग त्या फुकटच्या चौकटीत बसवलं असतं, तर दोन वर्षांत त्याला गाशा गुंडाळावा लागला असता.

मग आम्ही जिंकलो का? दोन प्रसंग सांगतो.

२०१७ मध्ये मी मामीसाठी साधी वेबसाइट केली. चार खोल्या, सहा फोटो, एक फोन नंबर. ती मोठ्यातल्या मोठ्या बुकिंग कंपनीच्या वेबसाइटइतक्याच हक्कानं कुणाच्याही मोबाइलवर उघडायची. त्यासाठी मी कुठल्याही मोबाइल कंपनीला अर्ज केला नव्हता की पैसे भरले नव्हते. २०१६ चा नियम म्हणजे नेमकं काय, हे मला ती साइट पहिल्यांदा उघडली तेव्हा समजलं. ईमेल पाठवताना समजलं नव्हतं. पण आज मामीकडे येणारे बहुतेक पाहुणे बुकिंग अॅपवरून येतात. अॅप कमिशन घेतं आणि यादीत कोण वर, कोण खाली, हेही तेच ठरवतं. तर सगळ्यांना सारखी झाली, पण पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर कुठल्या वाटेनं जायचं हे सांगणारे वेगळेच लोक उभे आहेत. त्यांना आपला २०१६ चा तक्ता लागू नाही.

दुसरा प्रसंग मे २०२१ चा. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माडांची आणि विजेच्या खांबांची रांगच्या रांग आडवी झाली. वीज नाही म्हणून टॉवर नाहीत. मी पुण्यात बसून दर दहा मिनिटांनी घरी फोन लावत होतो. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकू आला, तोही कुणा ओळखीच्या माणसाबरोबर कुडाळच्या दिशेनं पुढे येऊन केलेल्या कॉलवर. त्या तीन दिवसांत आमच्या गावात पूर्ण समानता होती. कुणाचंच काही चालत नव्हतं. तर सगळ्यांना सारखी हवी हे खरं, पण आधी ती खाडीवर असायला हवी. २०१५ मध्ये हॉस्टेलवर बसून मी खेड्यातल्या माणसाच्या नावानं ईमेल पाठवला, फेसबुकनं त्याच्याच नावानं जाहिरात दिली. टॉवरला बॅटरी किती तासांची, हा त्याचा प्रश्न मात्र दोघांच्याही मजकुरात नव्हता.

वाद संपलेला नाही. जुलै २०२३ मध्ये ट्रायनं संवादाच्या अॅपवर नियमन हवं का, यावर पुन्हा सल्लामसलत पत्र काढलं. जास्त वाहतूक आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चातला 'वाजवी वाटा' उचलावा, अशी मोबाइल कंपन्यांची मागणी चालूच आहे. ऐकायला बरोबर वाटतं. पण एकदा पाठवणाऱ्याकडूनही पैसे घ्यायची सोय झाली की कुणी पाठवलं हे बघावंच लागणार. ५जी मध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या दर्जाचे भाग पाडता येतात. दूरवरच्या शस्त्रक्रियेसाठी असा राखीव भाग असणं योग्यच आहे, २०१८ च्या नियमांनीही अशा खास सेवांना वेगळं धरलंय. मात्र उद्या त्या यादीत शस्त्रक्रियेच्या शेजारी एखादं व्हिडिओ अॅप येऊन बसलं, तर ते आपल्याला दिसेल का? ती अट माझ्यासारखाच कुणीतरी लिहिणार. चार ओळी. कुठल्याही धक्क्यावर त्याचा तक्ता लागणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी सल्लामसलत पत्र निघेल तेव्हा मी त्यातले प्रश्न वाचणार आहे. उत्तरं तुटक्या इंग्रजीत का होईनात, स्वतःची देणार आहे. आणि त्यात टॉवरच्या बॅटरीचं लिहिणार आहे, विचारलेलं नसलं तरी.

आजो २०१९ मध्ये गेला. त्याच्या पेटीत तरीच्या वेळची एक वही सापडली. पानापानांवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्या केलेल्या. त्या दिवशी किती जण पार झाले त्याचा हिशेब. नावं कुठेच नाहीत.